बोटभर कागद

आमच्या घरात कात्र्या दोन होत्या आणि दोन्हींना हात लावायची मला बंदी होती. एक आईची, शिवणाची. तिनं कागद कापला की धार जाते म्हणून आई ती पदराआड लपवल्यासारखी डब्यात ठेवायची. दुसरी पपांची. पपा शिरूरला मिशनच्या शाळेत मास्तर, आणि कंपाउंडातल्या सगळ्यांचं टपाल आधी आमच्या ओट्यावर यायचं. पाळकसाहेबांचं, दवाखान्यातल्या नर्सबाईंचं, बोर्डिंगातल्या मुलींचं, अशी पपा त्याची वाटणी करायचे आणि फक्त स्वतःचं पाकीट कात्रीनं उघडायचे, कडेची एक सुतासारखी पट्टी काढून. ती पट्टीसुद्धा ते फेकून द्यायचे नाहीत. इतक्या शिस्तीच्या माणसाच्या पोटी मी आले, हा माझा दोष की त्यांचा, हे मला अजून कळलेलं नाही.

कंपाउंडाच्या एका अंगाला नगर रोड आणि दुसऱ्या अंगाला, शेतं ओलांडली की, घोड नदी. रस्त्यावरनं ट्रक जायचे तेव्हा फडताळातल्या बशा किणकिणायच्या. सकाळी आधी शेळ्यांचा आवाज, मग देवळाची घंटा, मग आईच्या भाकरीची थापथाप. देऊळ म्हणजे आमचं, ख्रिस्ती देऊळ. आम्ही चर्च कमी म्हणायचो. आठवडाभर बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि जे काय आमटीवजा असेल ते, आणि रविवारी उपासनेहून आल्यावर मटण. उपदेश लांबला की पाळकसाहेबांच्या समोर बसलेल्या निम्म्या बायकांचं लक्ष चुलीवरच्या पातेल्याकडं लागलेलं असायचं. आई तर शेवटच्या गीताला हळूच निसटायची. देव समजून घेतो, मटण घेत नाही, असं ती म्हणायची.

मला तिकिटं जमवायचा नाद लागला तो शाळेतल्या शिवणाच्या बाईंमुळं. त्यांनी रीत शिकवली. तिकीट ओढून काढायचं नाही, दात तुटतात, आणि दात तुटलेलं तिकीट मेलं. पाकिटाचा कोपरा कापायचा, तिकिटाभोवती चारी बाजूंनी बोटभर कागद सोडून. मग तो तुकडा कोमट पाण्यात टाकायचा आणि गप्प बसायचं. तिकीट आपोआप सुटतं. ते पालथं घालून वर्तमानपत्रावर वाळवायचं आणि जाड पुस्तकाखाली दाबायचं. आमच्या घरात जाड पुस्तक एकच, पवित्र शास्त्र. त्यामुळं माझी सगळी तिकिटं आधी शास्त्रात जायची आणि मग वहीत. वही म्हणजे जुनी लांबट वही, तपकिरी कापडाचं कव्हर घातलेली. तिच्यात परदेशी तिकिटं अकरा होती. ती मी दिवसातून तीनदा मोजायची.

त्या नादापायी मी आधी एक पराक्रम केलेला होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नाताळच्या आधी अमेरिकेहून मंडळीला एक पत्र यायचं, पूर्वी इथं राहून गेलेल्या मिशनऱ्यांचं. ते पत्र असायचं एअरोग्राम, म्हणजे निळा घडीचा कागद, आत पत्र आणि बाहेर तिकीट, सगळं एकच. आमच्या ओट्यावरनं मी ते उचललं आणि रीतीप्रमाणं बोटभर सोडून कोपरा कापला. रविवारी पाळकसाहेब भर उपासनेत ते पत्र मराठी करून वाचू लागले. “आणि या नाताळात आम्ही तुम्हां सर्वांसाठी...” इथं ते थांबले. पुढं भोक होतं. त्यांनी कागद उजेडाला धरला आणि त्या भोकातनं त्यांचा एक डोळा सगळ्या मंडळीला दिसला. पुढं वर्षभर लोक विचारत राहिले की अमेरिकेवाल्यांनी आपल्यासाठी काय पाठवलं होतं, आणि ते कुणी हाणलं. पपांनी घरी येऊन मला मारलं नाही. वही हातात घेतली, चुलीपाशी नेली आणि म्हणाले, “रूथ, पुन्हा कुणाच्या पत्राला कात्री लागली, तर ही वही यात जाईल. मी दुसऱ्यांदा बोलणार नाही.” ते दुसऱ्यांदा बोलत नसत, हे मला ठाऊक होतं.

आता बायजामावशी. ती धनगराची. तिच्या नवऱ्याच्या काळापर्यंत त्यांचा मेंढरांचा मोठा खांड होता. नवरा गेला, आणि एकुलत्या एका पोरानं, सखारामनं, आईला न विचारता सगळा खांड विकला आणि आखातात जायचं ठरवलं. मावशीनं शिरूरच्या बाजारातनं आपली मेंढरं दुसऱ्याच्या मागं जाताना बघितली. त्या दिवशी ती लेकाला म्हणाली, “जा. माजं मढं बघायला बी येऊ नगंस.” तिचा भाऊ खुटबावचा, दौंड तालुक्यातला, त्यानंच पोराला फूस लावली म्हणून भावाशीही तिनं बोलणं टाकलं. मग कंपाउंडामागच्या वावरात ती आणि दोन शेळ्या. सकाळी ती आमच्याकडं शेळीचं दूध घालायची. त्या दुधाच्या चहाला एक उग्र वास यायचा. मला तो आवडायचा नाही आणि पपा मुद्दाम दोन कप प्यायचे. मावशी मला रूथ म्हणायची नाही, रूते म्हणायची. “रूते, लई शिकतीयास. शिकून शिकून डोळं आत गेलं. दूध पी जरा, न्हाईतर लगीन कोण करंल तुज्यासंगं?” उंच, काळी, एके काळी कपाळभर कुंकू लावणारी बाई, नवरा गेल्यावर ते पुसलेलं, तरी सवयीनं बोट कपाळाला जायचं आणि खाली यायचं.

वर्षभर सखारामचं काही कळलं नाही. मग एका सकाळी दुधाच्या चरवीबरोबर तिनं कनवटीची गाठ सोडली आणि एक पाकीट काढलं. पोस्टमननं तिच्या हातात दिलेलं. तिनं ते नखानं कसंबसं उघडलं होतं. “वाच,” म्हणाली. “हळू वाच. तुज्या बापाला ऐकू जाऊ दिऊ नगंस.”

पत्र तिकडच्या कुणा रत्नागिरीवाल्यानं सखारामचं ऐकून लिहून दिलेलं, अक्षर सुरेख. तीर्थरूप आईस साष्टांग दंडवत, असं सुरू होऊन पुढं ते एकदम सखारामच्या बोलीत शिरत होतं. आये, तू हसशील, आपली मेंढरं इकून मी हितं दुसऱ्याची मेंढरं राखतोय. रोज तुजी याद येती. तुजा राग गेला आसंल तर एक कागुद टाक. पत्ता पाकिटाच्या मागं इंग्रजीत हाय, मुकादमानं घातलाय. मी वाट बघंन. कागुद आला न्हाई तर समजंन की तुज्या लेखी मी मेलो, मंग मी बी तुला त्वांड दावायचा न्हाई.

हे सगळं मी वाचलं. माझ्या तोंडानं वाचलं. “पत्ता पाकिटाच्या मागं हाय,” हे शब्द मी मोठ्यानं उच्चारले, आणि उच्चारताना माझे डोळे पाकिटाच्या पुढच्या बाजूला होते. कारण तिथं ते तिकीट होतं.

काय सांगू ते तिकीट! तांबूस खडक, एकावर एक रचून ठेवल्यासारखे, मधल्या खडकाला वाऱ्यानं पाडलेलं आरपार भोक, त्यातनं दिसणारं फिकट आभाळ, आणि खाली नुसती रेती. झाड नाही, माणूस नाही, पाखरू नाही. माझ्या वहीत राण्या होत्या, राजे होते, एक विमान होतं. पण असली जागा नव्हती. खाली बारीक अक्षरात देशाचं नाव असावं, त्यावर पोस्टाचा काळा शिक्का बरोबर बसलेला.

मावशीनं पाकीट माझ्या हातातनं घेतलं आणि डोळ्यांजवळ धरलं. “हितं राखतो व्हय त्यो मेंढरं?” ती म्हणाली. “हितं तर समदी दगडंच हायती. काडी न्हाई. काय खात्यात मेंढरं?” आणि अचानक तिला राग आला, खरा की आणलेला, मला कळलं नाही. पत्राचा कागद तिनं घडी करून कनवटीला लावला.

मी म्हटलं, “मावशी, तिकीट मला देता?”

“घे बया, पाकिटासकट घे. मला कुटं जायाचंय त्या तिकिटावर!”

ती स्वतःच हसली. चरवी उचलून गेली.

म्हणजे मी चोरी केली नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. तिनं दिलं, मी घेतलं. पण मग पपा शाळेत जायची वाट मी का बघितली, आणि त्यांची कात्री घेऊन परसात पेरूच्या झाडामागं का गेले? चारी बाजूंनी बोटभर कागद सोडून मी कोपरा कापला. अगदी रीतीप्रमाणं. वाटीत कोमट पाणी घेतलं, तुकडा टाकला, गप्प बसले. थोड्या वेळानं पाणी निळं झालं. मी वाटीत वाकून बघितलं तर तुकड्याच्या मागच्या बाजूला इंग्रजी अक्षरं होती, आणि ती पसरत होती. एक ‘बॉक्स’ असा शब्द वाचता आला, त्यापुढं तीन की आठ, आणि मग नुसता डाग. मी ते बघितलं. मला तेव्हा काहीच वाटलं नाही, हे मला लिहायलाच हवं. तिकीट सुटून वर आलं तेव्हा मी आनंदानं टाळी वाजवली. पाणी पेरूला घातलं. पाकीट चुलीत गेलं.

आठ दिवसांनी मावशी आली ती दूध न घेता आली. दुपार होती, आई दवाखान्यात शिवण पोचवायला गेलेली. मावशी ओट्यावर बसली, पदर सारखा केला, आणि म्हणाली, “लिव.”

“काय?”

“त्याला कागुद लिव. राग गेला माजा. कुटवर धरायचा?” तिचे डोळे भरलेले होते आणि आवाज चढलेला. “लिव, सख्या...”

पाकीट कुठं आहे, हे मला त्या क्षणी आठवलं. मी मुद्दाम एअरोग्राम आणायचं निमित्त काढून पोस्टात गेले, रमत परत आले, की तोवर ती गेलेली असेल. ती तिथंच बसलेली होती. मग मी लिहायला बसले. ती बोलत गेली आणि मी लिहीत गेले, तिच्या बोलीत जसंच्या तसं, कारण शुद्ध करायला माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. लिहिताना एकच चाललं होतं मनात. आत्ता सांगावं. मावशी, पत्ता गेला, माझ्या हातनं गेला. एवढंच वाक्य. पण मावशी पपांना सांगेल, आणि पपा दुसऱ्यांदा बोलणार नाहीत. वही चुलीत जाईल. बारा तिकिटं जातील. एका बाईचा लेक एका पारड्यात आणि माझी वही दुसऱ्या पारड्यात, आणि माझं वजन वहीकडं पडलं.

पत्र संपलं. मी डिंकानं कडा चिकटवल्या. तिनं विचारलं, “पत्ता घातलास?”

“घातला,” मी म्हणाले.

आणि मी घातला होताच की. सखारामचं नाव, आणि खाली मोठ्या इंग्रजी अक्षरात दुबई. आमच्या शिरूरकडं आखातात कुठंही गेलेला माणूस दुबईलाच गेलेला असतो. मस्कतचा असो, कुवेतचा असो, गाव म्हणायचं, दुबईला हाय. सखाराम दुबईला आहे हे सगळ्या कंपाउंडाला माहीत होतं. एवढ्या मोठ्या गावात एक शिरूरचा मेंढका पोस्टमनला सापडेल, असं मी स्वतःला पटवलं. आमच्या पोस्टमनला तरी कुठं पत्ता लागायचा? नाव बघून तो वावरात यायचा. पुढं कितीतरी वर्षांनी मी त्या तिकिटाला भिंग लावलं तेव्हा शिक्क्याखालची अक्षरं लागली. ओमान. दुबई नव्हतीच ती.

मावशी रोज दूध घालताना विचारायची, “काय आलं का गं?” पत्र तिच्याकडंच येणार, आमच्याकडं कशाला येईल, पण ती मला विचारायची. मी मान हलवायची. नंतर नंतर ती विचारायची बंद झाली आणि नुसती माझ्याकडं बघून चरवी ओतायची. त्यापेक्षा तिनं विचारलेलं बरं होतं.

पावसाळा सरता सरता ते परत आलं. पाठवणाराचा पत्ता म्हणून मी मिशन कंपाउंड लिहिलं होतं, त्यामुळं आमच्या ओट्यावर. त्यावर कसले कसले शिक्के, आणि पत्ता अपुरा, अशा अर्थाचा एक शेरा. पपा यायचे होते. मी ते फ्रॉकमध्ये घातलं, आत नेलं, आणि वहीच्या तपकिरी कव्हराची शिवण उसवून पुठ्ठ्याच्या आत सरकवलं. मग सुईदोरा घेऊन कव्हर पुन्हा शिवलं. आई म्हणाली, “कधी नव्हे ती शिवायला बसली माझी बाय!” आणि तिनं कौतुकानं मला गुळाची ढेप फोडून खडा दिला. तो खडा मी तोंडात धरून ठेवला.

त्याच वर्षी नाताळाआधी माझं दृढीकरण झालं, म्हणजे मी मंडळीत मोठ्यांच्या बरोबरीनं प्रभुभोजन घ्यायला पात्र ठरले. पाळकसाहेब त्या दिवशी म्हणाले, ज्याचं कुणाशी वाकडं आहे, ज्यानं कुणाचं काही बिघडवलं आहे, त्यानं आधी जाऊन त्याच्याशी समेट करावा आणि मगच या मेजापाशी यावं. माझ्या शेजारी पपा होते, नवी टोपी, मान ताठ. मी उठले आणि मेजापाशी गेले. भाकरीचा तुकडा घेतला, द्राक्षरसाचा घोट घेतला. बाहेर आले तर फाटकापाशी मावशी उभी. जेवणावळीच्या चहाला दूध घेऊन आली होती. तिनं माझ्या डोक्यावरनं हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. “देवाचं जेवान जेवलीस न्हवं? ब्येस झालं. आता माज्या सख्यासाठी बी मागणं माग, बाय. तुमचा देव पोरांचं ऐकतो म्हणत्यात.” मी हो म्हणाले. आणि मागणं मागितलं नाही, कारण देवाशी बोलायची त्या दिवशी माझी छाती नव्हती. अजूनही मेजापाशी जाताना मला आधी ते फाटक दिसतं.

सखाराम पाच-सहा वर्षांनी परत आला. शिरूरला नाही, खुटबावला, मामाकडं. मामाच्या मुलीशी लग्न झालं, मावशीला बोलावणं नव्हतं. मावशी माझ्या आईपाशी एकदाच बोलली. “म्या कागुद धाडला हुता त्याला. जबाब आला न्हाई. कुनाला सांगू नका, माजीच लाज जाईल.” पुढं भावकीच्या लग्नांत माय-लेक समोरासमोर यायचे, मांडवाच्या दोन टोकांना बसायचे, जेवायचे आणि आपापल्या वाटेनं जायचे. ती म्हणायची त्यानं जबाब दिला नाही. तो म्हणत असणार तिनं लिहिलंच नाही. दोघंही आपापल्या परीनं खरी होती. आई हे सगळं मला सांगायची, चुलीपुढं बसून, चुकचुकत, आणि मी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत ऐकायची. एक वाक्य. तेव्हाही एकच वाक्य पुरलं असतं. तोवर वहीचं भय उरलं नव्हतं, पपाही निवळले होते. आता भय माझ्या लबाडीचं होतं, ती किती जुनी झाली याचं. मग माझं लग्न झालं, दौंडला रेल्वेच्या माणसाशी, आणि मी तिथल्या शाळेत मास्तरीण झाले. चाळीस पोरांना रोज खरं बोला म्हणून शिकवायची. मावशी गेल्याचं आईच्या पत्रातनं कळलं. सखाराम आला, खांदा दिला, एक अक्षर बोलला नाही, असं आईनं लिहिलं होतं.

माझी नात शेरॉन रांजणगावला कंपनीत आहे, शिक्रापूरला खोली घेऊन राहते आणि सुट्टीला माझ्याकडं येते. मागच्या खेपेला तिनं माझं कपाट आवरायला काढलं. मी नको नको म्हणत असताना वही निघाली, कव्हराचा दोरा कुजलेला, आणि निळा कागद बाहेर आला.

“आजी, हे तर तुझं अक्षर आहे. आणि हे उघडलेलंच नाहीये!”

मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे, तू लहान होतीस. ती म्हणाली, “तो माणूस जिवंत आहे?”

“असेल. खुटबावला.”

“मग तू इथं काय करतेयस?”

दुसऱ्या दिवशी तिच्या स्कूटीमागं बसून मी खुटबावला गेले. उसाच्या ट्रॉल्यांमागून, धूळ खात, पत्र आणि तिकीट घातलेली पर्स पोटाशी धरून. घर लगेच सापडलं. अरबस्तानवाले आबा म्हटल्यावर पोरानं बोट दाखवलं. सखाराम ओसरीत बाजेवर बसलेला. म्हातारा, आईसारखाच उंच, दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. मी कोण ते सांगितलं. शिरूरच्या मास्तरांची पोरगी. मग उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, तिकीट, कात्री, वाटी, दुबई, कव्हर. बसले असते तर जमलं नसतं. “आबा, तुमच्या आईनं लिहिलं होतं. मी पोचू दिलं नाही. मी वाईट वागले, आणि नंतर गप्प बसले ते त्याहून वाईट.”

त्याची बायको दारात येऊन थांबली. मग तो म्हणाला, “पत्ता मामाकडं हुता की. आयला म्हाईत आसतं पत्ता न्हाई म्हून, तर आली असती हितं, राग गिळून.” असं सहज म्हणाला, जसं कुणी सांगावं की किल्ली खुंटीलाच होती. मला हे माहीत नव्हतं. मी बसले.

“वाचा,” तो म्हणाला. “मला न्हाई येत. दिसत बी न्हाई.”

त्याच्या नातीनं कात्री आणून दिली. मी कडेची पट्टी काढली, पपा काढायचे तशी, सुतासारखी. आणि पोरीच्या गोल अक्षरात मी लिहिलेलं, साठी उलटलेल्या आवाजात वाचू लागले.

“सख्या, म्या बोलले ते रागाचं बोलनं. आयच्या रागाला कवा जड धरत्यात व्हय? मेंढरं गेली तर जाऊ दे, तू हायस न्हवं. म्या दोन शेरडं ठिवल्यात, तू आलास की त्यांची चार करू. तिकिटावर तुज्या मुलखाचं चित्र बघितलं. समदी दगडं हायती. तितं पाणी हाय का? मेंढरं काय खात्यात? तुला भाकर कोन करून देतं? मेंढरं काय खात्यात तेवढं कळीव, मला रातीला झोप न्हाई. ये. तुजी आय बायजा.”

सखारामनं हात पुढं केला. मी पत्र दिलं. त्यानं ते उलटं-सुलटं चाचपलं, मग मांडीवर ठेवून त्यावर तळवा ठेवला.

“जव,” तो म्हणाला. माझ्याशी नव्हे, मांडीकडं मान घालून. “जव खात्यात, आये. पोत्यानं याचा. आन् पाणी टँकरनं. भाकर म्या करायचो, मला येती.” तोंडावर उपरणं धरून तो थोडा वेळ तसाच बसला. त्याच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. मी रडले नाही. मला तो हक्क नव्हता.

मग मी तिकीट त्याच्या हातात दिलं. ते चित्र काय आहे ते त्यानं मला विचारलं. मी सांगितलं, खडक, मधल्याला भोक, खाली रेती. “असली दगडं म्या कवा बघितली न्हाईत,” तो म्हणाला. “आमी हुतो तितं समदं सपाट. आसतील दुसरीकडं कुटं.” त्यानं तिकीट माझ्या हातात परत दिलं. बायकोनं चहा आणला. शेळीच्या दुधाचा. तोच वास. मी कप रिकामा केला. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मी विचारलं नाही. “बसा जरा,” एवढं मात्र म्हणाला, आणि मी बसवत नाही म्हणून उठले. उठताना तिकीट बशीखाली सरकवून ठेवलं. ते त्याच्या घरात राहावं, माझ्यापाशी नको, असा माझा हिशेब.

स्कूटीपाशी पोचतोय तोवर त्याची नात मागनं पळत आली, धापा टाकत.

“आज्जी, थांबा! आबा म्हणले, बाईंचं तिकीट ऱ्हायलं.”

तिनं माझा हात धरून ते तळव्यावर ठेवलं. आता मला कुठं जायचंय त्या तिकिटावर, असं तोंडावर आलं होतं. ते शब्द माझे नव्हते, मावशीचे होते. मी मूठ मिटली, आणि दौंड येईपर्यंत उघडली नाही.